किल्ट, मे महिना आणि नवरदेवाचा कोट

किल्टने उकडत नाही. उकडतं ते किल्टच्या वर आणि खाली जे काही चढवलेलं असतं त्याने. हे माझं स्पष्ट मत आहे आणि आमच्या घरातल्या निदान अकरा जणांना ते मान्य नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबगटावर दोन ओळींत वाद घालणं मला जमत नाही. एक वाक्य लिहून होईपर्यंत तिकडून सात अंगठे आणि चार हसरे चेहरे येऊन पडतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते. घरच्यांनी वाचावं, बाकीच्या मंडळींनी गंमत म्हणून वाचावं.

तर विषय असा. नातीचं लग्न मे महिन्यात पुण्याला आहे. मुलगा स्कॉटलंडचा. तिकडून अठरा माणसं येणार, त्यातले आठ पुरुष. मुलाचे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात. (नात्याने ते माझ्या लेकीचे व्याही, पण मीही त्यांना व्याहीच म्हणते, तेवढ्यासाठी कोण हिशेब करत बसणार.) त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की मी माझ्या वडिलांचा किल्ट घालून मुलाच्या लग्नाला उभा राहणार. किल्ट दाखवलाही. गर्द हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, जाड लोकरीचा. आतल्या पट्ट्याचं चामडं जुनं होऊन काळं पडलेलं. तो हातात धरताना त्यांचा चेहरा बघितला आणि मी मनाशी म्हटलं, इथे वाद नाही.

आमच्याकडे मात्र लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, "अहो, मे महिन्यात लोकर? माणूस चक्कर येऊन पडेल. त्यांना सरळ कुर्ता-पायजमा शिवून द्या." दुसरा म्हणतो, "छे छे, आला तर पूर्ण पोशाखातच आला पाहिजे. कोट, जाकीट, बो, लोकरी मोजे, ते केसाळ पाकीट, सगळं. नाहीतर फोटोत काय मजा?" पहिल्यांना काळजी आहे, पण किल्टची माहिती नाही. दुसऱ्यांना रुबाब हवा आहे, तोही दुसऱ्याच्या घामावर.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. पुऱ्या किल्टला साधारण आठ वार कापड लागतं. आपली नऊवारी नऊ वारांची, म्हणजे फरक फक्त एका वाराचा! (पन्हा मात्र कमी, कमरेपासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढाच.) पुढच्या बाजूला कापडाचे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि उरलेलं सगळं कापड मागे चुण्या घालून शिवून टाकतात. आपल्या निऱ्या पुढे, त्यांच्या मागे. बसतो तो जवळजवळ बेंबीच्या पातळीवर, हल्लीच्या पँटसारखा घसरलेला नाही. खालची कड गुडघ्याच्या मध्याशी येते.

आता यात गरम होणारी जागा कोणती? कमरेपासून नितंबांपर्यंत चुण्या शिवून पक्क्या केलेल्या असतात. तिथे एकावर एक थर बसतात, म्हणून तो भाग खरंच उबदार असतो. पण त्याच्या खाली चुण्या मोकळ्या. माणूस चालायला लागला की प्रत्येक पावलाला त्या उघडतात, मिटतात आणि हवा आत खेळते. मांड्यांना चिकटलेलं कापड नाही. गुडघे उघडे. ज्यांनी जन्मभर धोतर नेसलं अशा माझ्या वडिलांना हे एका वाक्यात पटलं असतं. ज्यांनी जन्मभर जीन्स घातली त्यांना पटवायला मला एवढं लिहावं लागतंय.

मग लोकरीचा प्रश्न. किल्टचं कापड औंसांवर मोजतात. दहा-अकरा औंसांचं हलकं, तेराचं मध्यम आणि सोळाचं भारी. व्याह्यांचा सोळाचा असावा, कारण ते म्हणाले की वजन दोन किलोच्या आसपास भरतं. ऐकून आमच्याकडे सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण लोकर म्हणजे थंडीच असं समीकरण आपण स्वेटरमुळे करून बसलोय. किल्टची लोकर स्वेटरसारखी फुगीर नसते, ती घट्ट पिळाच्या सुताची, गुळगुळीत विणीची असते. आणि लोकरीचा एक गुण असा की आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल ती पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घाम शोषते, मग हळूहळू सोडते. पुण्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती ओल उडून जायला वेळ लागत नाही. (लग्न मुंबईत किंवा रत्नागिरीत असतं तर मी एवढ्या जोरात बोलले नसते.) आपल्या धनगरांच्या खांद्यावर बारा महिने, उन्हापावसात घोंगडी असते, त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

खरी काळजी वाटते ती आमच्याच घरच्या चार मुलांची. व्याही किल्ट घालणार हे कळल्यावर यांनाही हुक्की आली आणि चौघांनी ऑनलाइन स्वस्तातले किल्ट मागवले. आले, उघडले, "आजी, बघ किती हलका!" मी हात लावून पाहिलं. पॉलिएस्टर. ते वजनाला हलकं खरं, पण घाम प्यायला तयार नाही, तो पायावरून ओघळणार. अंगाला चिकटणार ते वेगळंच. दोन किलोच्या लोकरीतला अडुसष्ट वर्षांचा माणूस या चौघांपेक्षा सुखात असेल, हे मी आजच लिहून ठेवते.

फार हलकी लोकरही मला पसंत नाही. नातजावई स्वतःसाठी दहा औंसांचं कापड घेणार होता. चुणीला स्वतःचं वजन लागतं. हलक्या कापडाच्या चुण्या सरळ पडत नाहीत, फुगतात, आणि वारा आला की भलतीच पंचाईत. आमच्या पिढीच्या बायकांना हे सांगावं लागत नाही, नायलॉनच्या साड्यांच्या निऱ्या आम्ही पिना लावून लावून आवरल्या आहेत. तेरा औंसांचं घे म्हटलं. त्याने ऐकलं, की त्याच्या शिंप्यानेही तेच सांगितलं म्हणून ऐकलं, कोण जाणे.

हलकेपणा हवाच असेल तर तो कापड पातळ करून आणण्यापेक्षा कमी कापड वापरून आणावा. अठराव्या शतकाच्या शेवटी जे पहिलेवहिले शिवलेले किल्ट होते ते साधारण चार वारांचेच होते, रुंद बॉक्स प्लीटचे. आठ वारांची चैन मागाहूनची. चार वारांचा चांगल्या लोकरीचा किल्ट आजही शिवून मिळतो. मागचे थर निम्म्यावर येतात, म्हणजे बसल्यावर बुडाखालची गादीही निम्मी. पुढच्या वेळी कुणाला उन्हाळी लग्नासाठी किल्ट शिवायचा असेल (आमच्या घरात आता काहीही होऊ शकतं) तर हे लक्षात ठेवावं.

कोटाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, "त्यांची परंपरा आहे, आपण कोण ती मोडणारे?" इथे माझ्यातली इतिहासाची बाई जागी होते.

जुना हायलँडर जे नेसायचा ते म्हणजे एक लांबलचक घोंगडीसारखं कापड. जमिनीवर पसरायचं, चुण्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा भाग खांद्यावर. पाऊस आला तर तोच डोक्यावर, रात्री तोच पांघरायला. पुढे कधीतरी त्याचा वरचा अर्धा भाग गेला आणि खालचा तेवढा उरला. तोच आजचा किल्ट. हे कुणी केलं यावर तिकडे भांडणं आहेत. एक जुनी हकीकत अशी सांगतात की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात थॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज माणसाचा हायलँडमध्ये लोखंडाचा कारखाना होता. झाडं तोडणाऱ्या आणि भट्टीपाशी राबणाऱ्या मजुरांना ते सगळं गुंडाळून काम करणं जड जात होतं, म्हणून त्याने वरचा भाग कापून टाकायला लावला. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ साली यावर लिहिलं तेव्हा बरेच स्कॉटिश लोक चिडले. एका इंग्रजाने आमचा किल्ट केला म्हणजे काय! किल्ट त्याच्याही आधी होता असं म्हणणारे अभ्यासक आहेत. श्रेय कुणाचंही असो, मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की वरचं ओझं उतरवलं तेव्हा आजचा किल्ट झाला. कोट काढायला कचरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि तो कोट तरी कुठला? काळा, आखूड, चांदीच्या गुंड्यांचा, ज्याला प्रिन्स चार्ली म्हणतात. नाव ऐकून वाटतं हा बॉनी प्रिन्स चार्लीच्या अंगावरचा असणार. तो बिचारा १७८८ मध्ये वारला. त्याच्या नावाचा हा कोट रूढ झाला विसाव्या शतकात. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळातली गोष्ट. त्याला सनातन परंपरा म्हणायचं असेल तर आमच्या घरची पितळी इस्त्रीसुद्धा सनातन आहे.

किल्टचं तसं नाही हो. त्यामागे खरंच दुखणं आहे. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर हरले आणि त्याच वर्षी सरकारने कायदा करून त्यांचा पोशाखच बंद केला. सैन्यात असाल तर घाला, घरी घालाल तर तुरुंग. तो कायदा रद्द झाला १७८२ मध्ये. छत्तीस वर्षं, म्हणजे एक अख्खी पिढी किल्ट न घालता म्हातारी झाली. म्हणून कुर्ता-पायजमावाल्यांना माझं सांगणं आहे, की व्याह्यांच्या हातातला तो किल्ट सोडवायला जाऊ नका. काळजीपोटी का होईना, "हे घालू नका" असं त्या कपड्याला एकदा सांगून झालेलं आहे.

पुढे १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. सर वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला, राजालाही किल्ट घातला. राजेसाहेबांनी खाली गुलाबी तंग विजारी चढवल्या! म्हणजे उघड्या पायांचा जो फायदा तोही घालवला. त्याच्या हयातीतच त्यावर लोक हसले. पण लवाजमा वाढवायची सुरुवात तिथूनच झाली असं मला वाटतं. नंतर व्हिक्टोरिया राणीला बालमोरलचं वेड लागलं आणि मग काय, ऊनसावली न बघता एकेक नग वाढत गेला.

सैन्याला मात्र हवामान टाळता आलं नाही. त्यांनी काय केलं बघा. २० ऑक्टोबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवर गॉर्डन हायलँडर्सनी दर्गाईची टेकडी घेतली. जॉर्ज फिंडलेटर नावाचा पायपर पायाला गोळ्या लागल्यावरही बसून वाजवत राहिला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती ही लढाई. त्या मोहिमेतली चित्रं पाहा. खाली किल्ट तोच, पण वर खाकी सुती अंगरखा आणि डोक्याला उन्हाची टोपी. शहामृगाच्या पिसांचा तो मोठा टोप नाही, लाल लोकरी कोट नाही. बदल केला तो वरच्या कपड्यात. (स्कॉटिश पलटणी आणि आपला संबंध त्याच्याही आधीचा. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत वेलस्लीच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. जालना जिल्ह्यातलं असई. वर्गात ही लढाई शिकवताना त्यांच्यातलं कुणी पुढे आपल्या मांडवात येईल असं वाटलं नव्हतं.)

उन्हाने किल्टवाल्यांना खरा तडाखा दिला तो दक्षिण आफ्रिकेत. ११ डिसेंबर १८९९, मॅगर्सफाँटेन. तिकडे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. बोअरांच्या गोळीबाराखाली हायलँड ब्रिगेडचे सैनिक उघड्या माळावर तासन् तास पालथे पडून राहिले. डोकं वर काढायची सोय नाही. त्यांच्या गुडघ्यांच्या मागची कातडी उन्हाने भाजून फोड आले. चौकड्या दुरून दिसू नयेत म्हणून किल्टवर खाकी एप्रन बांधत, तो पुढच्या बाजूलाच. पाठीमागचं ऊन कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हे वाचल्यापासून मी घरात सांगतेय, की पाहुण्यांना उन्हाचं मलम द्याल ते चेहऱ्यापुरतं देऊ नका, गुडघ्याच्या मागच्या लवणीत लावायला सांगा. त्यांची कातडी गोरी, बारा महिने मोज्यात आणि ढगात राहिलेली. ब्रेमार नावाच्या त्यांच्या गावी उणे २७.२ अंशांची नोंद आहे, आणि सगळ्या स्कॉटलंडचा उच्चांक जुलै २०२२ मधला, तोही ३५ च्या आतलाच. पुण्यात मे महिन्यात ३७-३८ म्हणजे "आज बरं आहे" असं आपण म्हणतो.

आज स्कॉटलंडात किल्टबद्दल सर्वांत काटेकोर कोण असेल तर बॅगपाइपवाले. ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर त्यांची जागतिक स्पर्धा भरते. नातीने एकदा मला नेलं होतं. एकेक बँड गोल करून उभा राहतो, मोज्याची घडीसुद्धा सगळ्यांची एका रेषेत. पण अंगात? शर्ट, टाय आणि बिनबाह्यांचं जाकीट. कोट नाहीच! कुणाच्या परंपरेला धक्का लागलेला दिसला नाही. आणि हायलँड गेम्समध्ये ते लाकडाचे ओंडके उचलून फेकणारे पहिलवान असतात, त्यांना किल्ट घालावाच लागतो. वर मात्र साधा बनियनसारखा टी-शर्ट. आपल्या आखाड्यात लंगोटाबद्दल जो आग्रह, तोच त्यांचा किल्टबद्दल.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

२०२३ च्या जूनमध्ये मी नातीकडे एडिनबरोला होते. त्या जूनमध्ये त्यांच्याकडे नेहमीपेक्षा बरंच गरम होतं. तिच्या एका मैत्रिणीच्या लग्नाला मलाही नेलं. जुना दगडी हॉल, खिडक्या रंगाने चिकटून बसलेल्या, पंखा हा प्रकारच नाही. बाहेर पारा सत्तावीसच्या आसपास, आत दीडशे माणसं. सगळे पुरुष किल्ट, जाकीट, कोट, बो अशा थाटात. चेहरे बिटासारखे लाल. एक वयस्कर गृहस्थ भिंतीला टेकले, मग खुर्चीवर बसले, मग त्यांची मान कलली. कुणीतरी पाणी आणलं, बाहेर नेलं, थोड्या वेळाने बरे झाले. मी नातीला विचारलं, "अगं, हे लोक कोट का काढत नाहीत?" ती म्हणाली, "आजी, नवरदेवाने काढल्याशिवाय पाहुण्यांनी काढायचा नाही, अशी इथे पद्धत आहे."

मला हे नवीन होतं. दीडशे माणसं एका पोराच्या कोटाकडे बघत घामाघूम होत होती, आणि त्या पोराला भान कुठलं, तो नवरीकडे बघत होता. शेवटी नवरीनेच त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. मिनिटभरात सगळ्या हॉलमधल्या खुर्च्यांना कोट लागले! बाह्या वर गेल्या, वाद्यं सुरू झाली आणि तेच लोक पुढे दोन तास नाचले. किल्ट घालूनच नाचले. त्याच लोकरीत.

तेव्हा आमचा प्रश्न व्याह्यांना पटवण्याचा नाहीच. ते आपणहून कोट काढणार नाहीत, मुलाच्या लग्नात तर नाहीच नाही. त्यांना "तुम्हाला त्रास होईल, काढा" म्हणणं म्हणजे चारचौघांत म्हातारा ठरवणं, आणि ते मला स्वतःला कुणी केलेलं आवडत नाही. कोट काढायला हवा तो नातजावयाने, आणि मांडवात शिरायच्या आधी, फाटकापाशी. त्याने काढला की बाकीचे सात आपोआप मोकळे होतील, कुणाचा मान न दुखावता. मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं. तो हसला, म्हणाला, "आजी, मी कोट आणतच नाही." त्याहून उत्तम! पांढरा लिननचा शर्ट, बिनबाह्यांचं जाकीट तेवढं फोटोपुरतं, तेही गुंड्या सोडून. रुबाबवाल्यांनी आता त्याच्याशी भांडावं.

बाकी बारीकसारीक. लोकरी मोजे आणि जाड तळाचे बूट हा दुसरा भट्टीचा भाग. मोजे गुडघ्याखाली दोनदा दुमडलेले, जाड. पण आपल्या मांडवात जोडे काढायचेच असतात, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो. अनवाणी किल्ट वाईट दिसत नाही, जुने हायलँडर पुष्कळदा अनवाणीच फिरत. मोज्यात खोचायची ती छोटी सुरी (तिला स्कीअन डू म्हणतात) विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका असं आठही जणांना कळवलं आहे. पुढे लटकवायचं पाकीट, म्हणजे स्पोरन, साधं चामड्याचं आणावं, केसाळ नको. रुंद पट्टाही नको, किल्टला आपले पट्टे-बकलं असतातच, वर आणखी चामडं आवळून पोट कशाला उकडवायचं?

आणि हो, तो प्रश्न, जो आमच्याकडच्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून विचारतात. आत काय? पाहुण्यांना तो विचारू नये, ही माझी सक्त ताकीद आहे. तिकडे त्यांना तो इतक्या वेळा विचारतात की ते विटलेले असतात. सोयीचं म्हणून एवढंच सांगते, की उन्हाळ्यात घामाने मांड्या घासून सोलवटतात, तेव्हा आत सुती, जरा लांब पायांची चड्डी असलेली बरी. त्यांच्या नाचाच्या स्पर्धांत तर आतला कपडा नियमानेच घालावा लागतो. आमच्या पॉलिएस्टरवाल्या चौघांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

मुहूर्त गोरज आहे हे एक बरं झालं. उन्हं कलतील. पण फोटोवाल्याने सगळ्यांना दुपारी चारला बोलावून ठेवलंय, "गोल्डन लाइट" म्हणे. तो चारचा हट्ट मी मोडून काढणार आहे. साडेपाचच्या आत एकाही पाहुण्याने उघड्यावर उभं राहायचं नाही. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

आणि आपलं काय? आमच्याकडची मुलं मे महिन्यात जरीच्या शेरवान्या घालून, वर फेटा बांधून उभी राहतात आणि वर किल्टला हसतात. शेरवानी आपली कधीपासून झाली? माझ्या लग्नात नवरदेव धोतर आणि उपरण्यात होते, अंगाला वारा लागत होता. मी मात्र नऊवारी, शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा, गळ्यात दागिने, आणि समोर होमाचा धूर. मला कुणी विचारलं नव्हतं, उकडतंय का म्हणून. यंदा नातीला मी विचारलं. ती सुती पैठणी नेसणार आहे. सुती पैठणी ही काय पैठणी झाली का, असं मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. त्यावर मी अजून उत्तर दिलेलं नाही, एका वेळी एकच आघाडी.

खुर्च्यांचं मात्र आत्ताच बघायला हवं. मांडववाला प्लास्टिकच्या खुर्च्या देतो. आठ वार लोकरीच्या चुण्या बुडाखाली आणि त्याच्याखाली प्लास्टिक, म्हणजे वारा जायला कुठून वावच नाही. मी वर सगळं किल्टच्या बाजूने बोलले, पण बसलेल्या किल्टचा हा दोष खरा आहे. चालतोय तोवर सुख, बसला की शिक्षा. त्यासाठी वेताच्या, जाळीच्या खुर्च्या हव्यात, निदान पाहुण्या पुरुषांपुरत्या, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना उभे पंखे. पंखे चार ठरले आहेत. खुर्च्या सहा मिळाल्या, दोन शेजारच्या वाड्यातून आणि चार भाच्याकडून. अजून दोन लागतील. पुण्यात कुणाकडे माळ्यावर पडून असतील तर कळवा, आणायला माणूस पाठवते.